वीसच्या वीस जणांचा राजीनामा: एवढ्या मोठ्या कारभारात जबाबदार धरायचं तरी कुणाला?

शहापूरकर
एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. इथं वकील, ऑडिटवाले, बाहेरदेशी राहून आलेले असे बरेच जण आहेत म्हणून मांडतो.

१५ मार्च १९९९ च्या रात्री ब्रुसेल्समध्ये युरोपियन कमिशनच्या, म्हणजे युरोपियन युनियनचा कारभार चालवणाऱ्या मंडळाच्या, वीसच्या वीस कमिशनरांनी राजीनामा दिला, अध्यक्ष जॅक सांतेर धरून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९९८ मध्ये युरोपियन पार्लमेंटनं कमिशनच्या १९९६ सालच्या हिशोबाला मंजुरी द्यायला नकार दिला. त्याच सुमारास कमिशनमधलाच एक डच ऑडिटर, पॉल व्हॅन ब्युटेनेन, यानं गैरव्यवहाराची कागदपत्रं थेट पार्लमेंटच्या सदस्यांच्या हातात दिली. त्याला सस्पेंड केलं, पगार अर्ध्यावर आणला. जानेवारीत अविश्वास ठराव आला, तो २३२ विरुद्ध २९३ नं पडला, पण पाच स्वतंत्र तज्ज्ञांची समिती नेमायला लागली आणि त्या समितीचा अहवाल आल्यावर काही तासांत सगळे गेले.

आता गंमत बघा, त्या अहवालात एकाही कमिशनरनं स्वतःच्या खिशात पैसे घातले असं म्हटलेलं नाही. फ्रान्सच्या माजी पंतप्रधान एडिथ क्रेसाँ यांच्यावर मात्र ठपका होता की त्यांनी आपल्या गावच्या ओळखीच्या दंतवैद्याला सायंटिफिक व्हिजिटर म्हणून नेमलं आणि त्यानं केलेलं काम कमिशनच्या फारसं उपयोगाचं नव्हतं. बाकी बहुतेकांचा दोष एवढाच की खात्यात काय चाललंय ते त्यांना माहीत नव्हतं आणि जबाबदारी घ्यायला कोणी पुढं येत नव्हतं.

माझं मत सरळ आहे, विसांनी जायलाच पाहिजे होतं. "मला माहीत नव्हतं" हा बचाव नाही, तोच आरोप आहे. आमच्या ग्रुपमधले दोघं म्हणतात एकीच्या चुकीला एकोणीस जणांना शिक्षा का. तुम्हाला काय वाटतं?

अनगोळचा_आप्पा
वीस जण एका रात्रीत? आपल्याकडं एक नगरसेवक राजीनामा देतो म्हणाला की चार दिवस मनधरणी चालती.

खानापूरची_वकील
शहापूरकर काका, मी तुमच्या ग्रुपमधल्या त्या दोघांच्या बाजूची. कोर्टात रोज बघते, खात्यात घोळ झाला की सगळ्यांवर सरसकट ठपका ठेवायचा आणि त्यात ज्यानं खरंच केलं तो गर्दीत सुटतो. एकोणीस जणांना प्रत्येकाला वेगळी नोटीस दिली का, म्हणणं ऐकून घेतलं का? समितीनं काही जणांची बाजू ऐकली असेल, पण राजीनामा एकगठ्ठा झाला. मला हे न्यायाचं वाटत नाही.

आणि क्रेसाँचं पुढं काय झालं तेही लिहा की. बेल्जियमच्या कोर्टात फौजदारी खटला २००४ मध्ये संपला, आरोप टिकले नाहीत. जुलै २००६ मध्ये युरोपियन कोर्ट ऑफ जस्टिसनं म्हटलं की त्यांनी पदाच्या जबाबदारीचा भंग केला, पण पेन्शन कापलं नाही, भंग झाला हे जाहीर करणं हीच शिक्षा पुरेशी म्हणाले. म्हणजे सात वर्षांनी हाती काय आलं?

तिसरं_गेट
वकीलताई, एक मुद्दा राहतोय. पार्लमेंटला तेव्हा एकट्या कमिशनरला काढायचा अधिकारच नव्हता. अविश्वास ठराव आणायचा तर तो सगळ्या कमिशनवर, त्यालाही दोन तृतीयांश मतं पाहिजेत. अध्यक्ष सांतेर यांनाही कुणा एकाला घालवता येत नव्हतं, कारण प्रत्येक कमिशनर आपापल्या देशानं पाठवलेला. क्रेसाँ जायला तयार नव्हत्या. मग उरलं काय? एकीला काढता येत नाही म्हणून वीस गेले.

यानंतरच नियम बदलले. रोमानो प्रोदी अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी प्रत्येक कमिशनरकडून आधीच शब्द घेतला की मी सांगितलं तर राजीनामा द्यायचा. मग नीसच्या तहात ते आलं, लिस्बनच्या तहात अध्यक्षाला पूर्ण अधिकार मिळाला. त्या एकगठ्ठा राजीनाम्याचा एवढा तरी उपयोग झाला.

येळ्ळूरचा_पैलवान
मी काय म्हणतो, हे सगळं युरोपचं कशाला उकरूलेत? आपलं सीमाप्रश्नाचं बघा आधी. २००४ पासून सुप्रीम कोर्टात केस पडून हाय, त्याची जबाबदारी कुणाची? तिकडं मुंबईत एक मंत्री समन्वयक म्हणून नेमत्यात, तो बेळगावला यायचा म्हणतो नि येत न्हाई. इकडं बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटकचं दरवर्षी अधिवेशन. आमी मधल्यामधी.

अनगोळचा_आप्पा
पैलवान बरोबर बोलला.

वडगावची_सुमन
+१. पण सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे ना, तिकडं दीडशे प्रतिसाद झालेत.

संचालक
सीमाप्रश्नावर त्या धाग्यावर लिहावं ही विनंती. इथं मूळ विषय राहू दे.

जुना_कारकून
सर्वांना नमस्कार. मी जिल्हा पंचायतीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. शहापूरकरांच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच देशात १९५८ मध्ये देऊन झालंय, ते तरुणांना माहीत असावं म्हणून लिहितो.

मुंध्रा प्रकरण. १९५७ मध्ये एलआयसीनं, म्हणजे नुकत्याच सरकारी झालेल्या आयुर्विमा महामंडळानं, हरिदास मुंध्रा नावाच्या माणसाच्या डबघाईला आलेल्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रुपये घातले. त्या काळचे सव्वा कोटी. गुंतवणूक समितीला विचारलं नाही. फिरोज गांधींनी लोकसभेत विषय काढला, स्वतःच्या सासऱ्याच्या सरकारविरुद्ध. न्यायमूर्ती छागलांची चौकशी नेमली, ती मुंबईत उघड चालली, लोक ऐकायला गर्दी करायचे, आणि लांबली नाही, झटपट संपली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांचं म्हणणं की हे सचिवांनी केलं, मी मंजुरी दिली नव्हती. छागलांचा निष्कर्ष असा की मंत्र्याला सचिवाच्या मागं उभं राहता येत नाही, खात्यानं केलेल्या कामाची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच. टीटीकेंनी राजीनामा दिला.

आता वकीलबाईंचा मुद्दा. टीटीके काही वर्षांतच मंत्रिमंडळात परत आले आणि १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. ज्या सचिवांवर बालंट आलं ते एच. एम. पटेल १९७७ मध्ये मोरारजींच्या सरकारात स्वतः अर्थमंत्री झाले. म्हणजे राजीनामा ही शिक्षा नव्हे. कारभार माझ्या नजरेखाली बिघडला, खुर्ची मी रिकामी करतो, एवढाच त्याचा अर्थ. गुन्हा कुणी केला ते कोर्ट नंतर सावकाश बघेल. या दोन गोष्टी आपण एकत्र करतो तिथंच घोटाळा होतो, आणि हल्ली तर मंत्री सर्रास म्हणतात की आधी आरोप सिद्ध करा मग राजीनामा देतो. चौकशी करणारे त्यांच्याच हाताखाली, मग सिद्ध कोण करणार?

तिसरं_गेट
काका, एकदम मुद्द्याचं. आणि साम्य बघा, सांतेर यांच्या विसांपैकी चार जण प्रोदींच्या कमिशनमध्ये परत आले. त्यातले नील किनॉक तर उपाध्यक्ष झाले आणि कमिशनचा कारभार सुधारायचं खातं त्यांच्याकडंच दिलं.

शहापूरकर
तेच मला खटकतं. बुडत्या जहाजावरचाच अधिकारी नव्या जहाजाची सुरक्षा बघणार. काका म्हणतात राजीनामा म्हणजे शिक्षा नव्हे, ठीक, पण मग सहा महिन्यांत परत यायचं असेल तर त्या राजीनाम्याला वजन काय राहिलं?

निपाणीकर
बरेच दिवसांनी लिहितोय. मी पूर्व आफ्रिकेत एका आंतरराष्ट्रीय मदत संस्थेत हिशोब खात्यात काम केलं. संस्थेचं नाव लिहीत नाही. इथं सगळे वरच्या लोकांबद्दल बोलायलेत, मी खालून कसं दिसतं ते सांगतो.

आमच्या कॅम्प ऑफिसला जनरेटर होता. त्याचं डिझेल रजिस्टर माझ्याकडं यायचं महिन्याच्या शेवटी. रोजची नोंद चाळीस लिटर. सोमवारी चाळीस, मंगळवारी चाळीस, रविवारी ऑफिस बंद तरी चाळीस. सगळ्या नोंदी एकाच पेनानं, एकाच दाबानं, एका बैठकीत लिहिलेल्या, शाईसुद्धा पानाच्या शेवटाला सारखीच फिकट होत गेलेली. रोज संध्याकाळी लिहिणाऱ्याच्या हाताला असं अक्षर येत नाही, कधी घाई असते, कधी पेन बदलतं, कधी पानावर तेलाचा डाग पडतो. आणि त्याच फायलीत मागं मेकॅनिकचं बिल होतं, इंजिन खोलून आठवडाभर गॅरेजमध्ये ठेवलेलं. त्या आठवड्यातही रोज चाळीस.

मी लेखी दिलं. माझा साहेब म्हणाला राजधानीच्या ऑफिसला विचारूया. राजधानी म्हणाली विभागीय ऑफिसला कळवलंय. विभागीय ऑफिस म्हणालं मुख्यालयाचं ऑडिट पुढच्या वर्षी आहे तेव्हा बघतील. प्रत्येकानं आपल्या हातातला कागद पुढं सरकवला, आणि तसं करताना एकानंही नियम मोडला नाही, हे लक्षात घ्या. शेवटी काय झालं तर स्टोअरकीपरचं कंत्राट वाढवलं नाही, तो स्थानिक माणूस होता, चार पोरं. ज्याच्या सहीनं डिझेलचं बिल पास व्हायचं तो साहेब दुसऱ्या देशात बढतीवर गेला.

म्हणून मी शहापूरकरांच्या बाजूनं. वरचा गेला नाही तर खालचा जातोच. जागा कुणाची तरी रिकामी होतेच, प्रश्न फक्त कुणाची एवढाच.

वडगावची_सुमन
निपाणीकर दादा, वाचून वाईट वाटलं. तुम्हाला त्रास झाला नाही का लेखी दिल्यावर?

निपाणीकर
झाला की. पण तो इथं लिहिण्याएवढा मोठा नाही, स्टोअरकीपरच्या मानानं काहीच नाही.

चंदगड_ते_ब्रुसेल्स
मी सध्या ब्रुसेल्सला असतो, कमिशनमध्ये नाही, आयटीत आहे, पण रोज त्या बिल्डिंगवरूनच जातो. दोन गोष्टी सांगायच्या आहेत कारण धागा एका बाजूला झुकतोय.

पहिली, चूक आणि फ्रॉड यात फरक करा. लक्झेंबर्गला युरोपियन कोर्ट ऑफ ऑडिटर्स आहे, १९७७ पासून. ते दरवर्षी सांगतात खर्चात किती टक्के त्रुटी. २०२२ साठी ४.२ टक्के, २०२३ साठी ५.६ टक्के. पेपरवाले लगेच हेडिंग देतात एवढे पैसे चोरीला गेले. तसं नसतं. टेंडरची जाहिरात नियमाप्रमाणं दिली नाही, शेतकऱ्यानं अनुदानाच्या अर्जात क्षेत्र जरा जास्त दाखवलं, पात्र नसलेला खर्च बिलात घातला, हे सगळं त्यात येतं. शिवाय बराच पैसा देशांची सरकारंच वाटतात, ब्रुसेल्सच्या साहेबाच्या हातून तो खर्च होतही नाही.

दुसरी गोष्ट वकीलताईंच्या बाजूची. २००३ मध्ये युरोस्टॅट प्रकरण झालं, म्हणजे आकडेवारीचं खातं. हिशोबाबाहेरच्या खात्यांत पैसे ठेवल्याचा आरोप. त्या खात्याचे प्रमुख यीव्ह फ्रांशे यांना बाजूला केलं, पेपरात नाव गाजलं. त्या वेळचे कमिशनर पेद्रो सोल्बेस यांनी राजीनामा दिला नाही, जे मला माहीत नव्हतं त्याची जबाबदारी माझ्यावर येत नाही असं त्यांचं म्हणणं. पुढं २००८ मध्ये कोर्टानं फ्रांशे आणि त्यांच्या सहकाऱ्याला ५६,००० युरो नुकसानभरपाई द्यायला लावली, कारण चौकशी चालू असतानाच त्यांना दोषी असल्यासारखं वागवलं गेलं. तेव्हा १९९९ मध्ये एवढा गाजावाजा करून विसांनी राजीनामा दिला, आणि चार वर्षांत परत तेच, कमिशनर जागेवर आणि अधिकारी बळी.

खानापूरची_वकील
धन्यवाद! हेच मी म्हणत होते. चौकशी नीट, नोटीस देऊन, ऐकून घेऊन झाली पाहिजे, मग ती स्टोअरकीपरची असो की डायरेक्टर जनरलची.

शहापूरकर
ताई, पण चंदगडकरांनी जे लिहिलं ते उलट माझ्या बाजूनं जातं. सोल्बेस गेले असते तर फ्रांशेंना असं पुढं ढकलायची गरजच पडली नसती.

खानापूरची_वकील
काका, तुमचं हे वाक्य मी दोनदा वाचलं. विचार करते.

मार्कंडेय
इथं आपल्या कर्नाटकच्या लोकायुक्ताचा विषय यायलाच पाहिजे. जुलै २०११ मध्ये न्यायमूर्ती संतोष हेगडे यांचा बेकायदा खाणींवरचा अहवाल आला आणि ३१ जुलैला येडियुरप्पांनी मुख्यमंत्रिपद सोडलं. पुढं २०१६ मध्ये सीबीआय कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं. म्हणजे जुना_कारकून काका म्हणाले तसंच, पद सोडणं वेगळं, गुन्हा वेगळा.

पण त्याच्यानंतर काय झालं ते जास्त महत्त्वाचं. २०१५ मध्ये लोकायुक्त ऑफिसच खंडणीच्या आरोपात सापडलं, लोकायुक्तांच्या मुलाला अटक झाली, डिसेंबरमध्ये लोकायुक्तांनी राजीनामा दिला. २०१६ मध्ये सरकारनं एसीबी, म्हणजे भ्रष्टाचारविरोधी पथक, सुरू केलं नि लोकायुक्ताच्या पोलिसांचे अधिकार तिकडं नेले. ते एसीबी कुणाच्या हाताखाली? सरकारच्याच. ऑगस्ट २०२२ मध्ये हायकोर्टानं एसीबी रद्द केलं आणि अधिकार परत लोकायुक्ताला दिले.

युरोपातही हाच घोळ होता. १९९९ च्या आधी फ्रॉड शोधणारा विभाग कमिशनच्याच पोटात होता. राजीनाम्यानंतर ओलाफ नावाचं ऑफिस काढलं, त्याला चौकशीपुरतं स्वातंत्र्य दिलं, पण बसतं ते कमिशनमध्येच आणि खटला भरायचा अधिकार नाही, अहवाल देऊन गप्प बसायचं. खटला भरू शकणारं युरोपियन पब्लिक प्रॉसिक्युटर ऑफिस यायला जून २०२१ उजाडला. पहिल्या प्रमुख लॉरा कोवेशी, रुमानियाच्या, तिथं बड्या पुढाऱ्यांना कोर्टात उभं केलेल्या. राजीनाम्यापासून तिथवर यायला बावीस वर्षं.

येळ्ळूरचा_पैलवान
मार्कंडेय सरांचं पटलं. चोराच्या घरातच चौकी टाकली तर चोर सापडंल कसा. सीमाप्रश्नाचं तिकडं लिहितो.

कॅम्प_रोड
युरोप तरी बरं, तिथं पार्लमेंट आहे, मतदार आहेत. युनोचं काय? ऑइल फॉर फूड आठवतं का कुणाला? इराकवर निर्बंध होते, तेल विकून फक्त अन्न-औषध घ्यायची परवानगी, १९९६ ते २००३. चौसष्ट अब्ज डॉलरच्या वर तेल विकलं गेलं. युनोनंच नेमलेल्या पॉल व्होल्कर यांच्या चौकशी समितीनं २००५ मध्ये सांगितलं की दोन हजारांवर कंपन्यांनी सद्दामच्या सरकारला लाच नाहीतर वरकड पैसे दिले. कार्यक्रमाचे प्रमुख बेनॉन सेव्हान यांनी जवळपास दीड लाख डॉलर घेतल्याचा ठपका ठेवला, त्यांनी तो नाकारला आणि सायप्रसला निघून गेले. २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आरोपपत्र दाखल झालं. तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्यावर देखरेखीत कमी पडल्याची टीका झाली, ते मुदत संपेपर्यंत राहिले.

आणि पद कुणाचं गेलं? आपल्या नटवरसिंहांचं! व्होल्करच्या यादीत नाव आलं, नोव्हेंबर २००५ मध्ये परराष्ट्र खातं काढून घेतलं, डिसेंबरमध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा. न्यूयॉर्कच्या घोटाळ्यात दिल्लीचा मंत्री गेला, कारण दिल्लीत लोकसभा आहे, विरोधक आहेत, दुसऱ्या दिवशी सभागृहात उत्तर द्यावं लागतं. युनोच्या सरचिटणीसाला कोण प्रश्न विचारणार? एकशे त्र्याण्णव देश, म्हणजे कोणीच नाही.

खानापूरची_वकील
कॅम्प_रोड, अगदी. त्यात इम्युनिटीचा, म्हणजे खटल्यापासूनच्या संरक्षणाचा, भाग धरा. १९४६ च्या करारानुसार युनोवर कुठल्याच देशाच्या कोर्टात दावा चालत नाही, आपल्याकडं त्यासाठी १९४७ चा कायदा आहे. सरचिटणीसाला आपल्या माणसाची इम्युनिटी काढून घेता येते, पण काढायची की नाही ते तोच ठरवणार.

एक आपल्या लोकांची केस सांगते. कच्छमधल्या मुंद्र्याच्या मच्छीमारांनी वर्ल्ड बँकेच्या गटातल्या आयएफसीवर अमेरिकेत दावा केला, वीजप्रकल्पाला कर्ज देताना आमच्या पाण्याचं, माशांचं नुकसान बघितलं नाही म्हणून. आयएफसी म्हणाली आम्हाला संपूर्ण इम्युनिटी. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सात विरुद्ध एक असा निकाल दिला की संपूर्ण इम्युनिटी नाही. कच्छच्या मच्छीमारानं वॉशिंग्टनमध्ये जिंकलेली ही केस मी ज्युनियरांना नेहमी सांगते. पुढं खालच्या कोर्टानं ही कृती अमेरिकेत घडलीच नाही म्हणून दावा काढून टाकला, ते वेगळं दुःख. पण दार किलकिलं झालंय.

वडगावची_सुमन
वर्ल्ड बँक म्हटल्यावर आठवलं, आपल्या बेळगावात चोवीस तास पाणी ते त्यांच्याच कर्जातून ना? हुबळी-धारवाड, बेळगाव, गुलबर्गा. आमच्या मावशीच्या वॉर्डात पहिल्या टप्प्यात आलं, तिच्याकडं टाकी नाही, बॅरल नाही, नळ सोडला की पाणी. आमच्या गल्लीत मात्र रस्ता खणून पाइप घातलेत, खड्डे बुजवल्यासारखे करून गेलेत, पाणी अजून जुन्या वेळापत्रकानं. पहिल्यांदा माती भरली ती पहिल्याच वळवात खचली, सासूबाईंचा पाय त्यात मुरगळला. कुणाला विचारावं तर ज्याचं त्याचं वेगळंच उत्तर. मला फ्रॉड म्हणायचं नाही, तसं काही माहीत नाही. पण असं काही संशयाचं असेल तर सामान्य माणसानं जायचं कुठं, हे कुणी सांगेल का? राजीनाम्यांची चर्चा चांगली आहे, पण मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

तिसरं_गेट
सुमनताई, दोन वाटा आहेत, लोक गल्लत करतात.

पैशाची लबाडी, म्हणजे टेंडरमध्ये साटंलोटं, खोटी बिलं, लाच, यासाठी वर्ल्ड बँकेचं इंटिग्रिटी खातं आहे. निनावी तक्रारही घेतात. ते कुणाला तुरुंगात टाकू शकत नाहीत, पण कंपनीला काळ्या यादीत टाकतात. आपल्या सत्यम या आयटी कंपनीला आठ वर्षांची बंदी घातली होती, बँकेच्या कर्मचाऱ्यांना गैर फायदे दिल्याबद्दल, हे डिसेंबर २००८ मध्ये बाहेर आलं आणि जानेवारी २००९ मध्ये सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजूंचं ते खोट्या हिशोबाची कबुली देणारं पत्र.

दुसरी वाट इन्स्पेक्शन पॅनेल. प्रकल्पामुळं नुकसान झालं आणि बँकेनं स्वतःचेच नियम पाळले नाहीत असं वाटलं तर दोन किंवा जास्त बाधित माणसं मिळून तक्रार करू शकतात. हे पॅनेल १९९३ मध्ये आलं ते नर्मदेमुळं, हे आपल्याला अभिमानानं सांगता येईल. सरदार सरोवरावरून एवढं आंदोलन झालं की बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांची समिती नेमावी लागली, १९९२ चा तो अहवाल बँकेच्याच विरोधात गेला आणि कर्ज थांबलं. धडगाव-अक्कलकुव्याच्या आदिवासींनी जे सोसलं त्यातून जगभरच्या लोकांना तक्रारीची जागा मिळाली.

जुना_कारकून
तक्रारीच्या आधी कागद. प्रकल्पाची कंत्राटं, मोजमाप पुस्तक, काम पूर्ण झाल्याचा दाखला, हे माहिती अधिकारात मागा. मोजमाप पुस्तकात कुठल्या तारखेला किती मीटर खोदाई, किती भराव, रस्ता पूर्ववत केल्याची नोंद कुठली, हे सगळं असतं, बिल त्याच्यावरच निघतं. पानांच्या झेरॉक्स मागायच्या, सारांश नको. अर्ज मराठीत दिला तर परत पाठवतील, म्हणून सोबत कन्नड प्रत जोडा, भांडण भाषेवर नेऊ नका, नाहीतर मूळ मुद्दा राहून जातो.

कॅम्प_रोड
पण तक्रार करणाऱ्याला कोण वाचवणार? व्हॅन ब्युटेनेनचा पगार अर्धा केला. २००२ मध्ये कमिशनच्या चीफ अकाउंटंट मार्ता आंद्रेअसेन यांनी हिशोबाची कॉम्प्युटर यंत्रणा असुरक्षित आहे म्हटलं, त्यांना सस्पेंड करून नंतर काढलं. आपल्याकडं सत्येंद्र दुबे, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा इंजिनियर. पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, नाव गुप्त ठेवा म्हणून विनंती केली, ते पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्याचा खून झाला. व्हिसलब्लोअर, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण तो लागू करायची अधिसूचनाच काढली नाही. कायदा आहे आणि नाहीही.

निपाणीकर
दुबेंचं पत्र ज्या ज्या टेबलावरून गेलं त्या प्रत्येकानं आपलं काम नियमानंच केलं असणार. मला हेच सांगायचं होतं.

खानापूरची_वकील
शहापूरकर काका, तुमच्या मूळ प्रश्नाकडं परत येते. माझं आता असं मत आहे. वीस जणांनी जाणं राजकीय जबाबदारी म्हणून योग्य, कारण ते एकत्र निर्णय घेणारं मंडळ होतं आणि हिशोबही एकत्रच नामंजूर झाला. पण राजीनाम्याच्या कागदावर चौकशी संपता कामा नये. प्रत्येकाच्या वाट्याची चूक वेगळी लिहिली गेलीच पाहिजे, वेळेत. आणि ज्याच्या वाट्याला काही आलं नाही त्याला परत यायची मोकळीक, म्हणून किनॉक परत आले याचं मला काही वाटत नाही.

शहापूरकर
ताई, पहिला भाग मान्य. किनॉकबद्दल नाही. ज्या मंडळात चार वर्षं बसून दिसलं नाही, ते सुधारायचं काम त्याच माणसाला नको होतं, दुसरं कुठलंही खातं द्यायचं. त्यांच्याच काळात आंद्रेअसेनना सस्पेंड केलं हे विसरू नका.

खानापूरची_वकील
यावर आपलं जमणार नाही. 🙂 सुमनताई, माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहून देते, फी नको. मोजमाप पुस्तकाचं कलम काकांनी सांगितलं तसं घालूया. गल्लीतल्या किती जणांच्या सह्या मिळतील?

वडगावची_सुमन
पंधरा घरं तरी नक्की. पुढच्या बाजूचे यंत्रमागवाले पण येतील, त्यांच्या दारातच मोठा खड्डा आहे. कन्नड प्रत कोण लिहून देईल?

येळ्ळूरचा_पैलवान
मी देतो ताई. माझं शिक्षण कन्नड मिडियमचंच हाय. रविवारी सकाळी येतो.

अनगोळचा_आप्पा
मी पण येतो, खड्ड्यांचे फोटो काढतो तारखेसकट. सुमनताई, कुंदा आणू का?

जुना_कारकून
फोटोत टेप लावून खोली दिसू द्या. आणि अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या, तीस दिवस त्या तारखेपासून मोजायचे.